लोकर बदलली की टाके बदला

विणकामाच्या पुस्तकात 'घेर ३२ इंच, टाके १७६' असं छापलेलं असतं ना, ते टाके पुस्तकातल्या लोकरीचे. आपण लोकर घेतो हाताशी असेल ती, आणि टाके मात्र पुस्तकातलेच घालतो. मग स्वेटर अंगात शिरत नाही, किंवा खांद्यावरून उतरतो. आमचं शिरूर अनंतपाळ १९९९ साली तालुक्याचं गाव झालं खरं, पण मनाजोगी लोकर हवी तर मला अजून लातूरच गाठावं लागतं. तेव्हा बदलीची लोकर ही आमची नेहमीचीच.

मागच्या थंडीत मात्र लोकर आली ती सासूबाईंच्या ट्रंकेतून. मामंजींचा मरून स्वेटर, त्यांनीच कधीकाळी विणलेला. मामंजी गेल्यापासून डांबराच्या गोळ्यांत पडून होता. "नातवाला होतंय का बघ," म्हणाल्या आणि उसवायला स्वतःच बसल्या. मध्येच एकदा विचारलं, "पुरंल का गं?" आता ही लोकर जगातल्या कुठल्याच दुकानात मिळायची नव्हती. पुरवायची तर हिशेबानंच.

उसवलेली लोकर कुरळी असते. तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात, आणि पहिल्या धुण्यात धागा सरळ झाला की वीण पसरते. म्हणून पाटाभोवती गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून काढली. चोळायची नाही हं, नाहीतर लोकर आटून तिचा नमदा होतो. सावलीत वाळवली आणि मगच गुंडे केले.

मग नमुना. चार बोटांची चिंधी नको, चांगला सहा इंची चौकोन विणा. तोही धुऊन, आडवा वाळवून, मधल्या चार इंचांतले टाके मोजा. कडेचे टाके फसवतात. पुस्तकात चार इंचांना २२ टाके होते, माझे २४ भरले. दोन टाक्यांनी काय होतं, असं वाटेल. पण पुस्तकाचे १७६ टाके इंचाला सहाप्रमाणे विणले तर घेर २९ इंचांच्या जरा वर, म्हणजे पावणेतीन इंचांची तूट! पोराची छातीच ३० इंच. ३२ इंचांना मला १९२ टाके हवे होते, पुढे ९६ आणि मागे ९६. नक्षी असेल तर आकडा नक्षीच्या पटीत बसवायचा.

जाड सुया घेऊनही २२ टाके आणता येतात. (आपल्या सुयांचे नंबर उलटे, बरं का! १० नंबर सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर चार मिलिमीटर.) पण बारीक लोकर जाड सुयांवर जाळीसारखी होते, ऊब राहत नाही. मी टाकेच वाढवले. लांबी ओळी मोजून नाही, टेपनं मोजली, मुंढ्याचीसुद्धा.

लेबलावरच्या 'प्लाय'वर विसंबू नका. प्लाय म्हणजे धाग्याचे पदर, जाडी नव्हे. आणि लोकर वजनावर बदलू नका, लांबीवर बदला. सुती धागा जड, ५० ग्रॅमांत कमी लांब भरतो. वर लोंबून स्वेटर लांबवतो. अ‍ॅक्रिलिक हलकं, जास्त लांब भरतं, पण गरम इस्त्री लागली की वीण मरते ती कायमची.

विरलेली कोपरं टाकून आमच्याकडे २९० ग्रॅम लोकर उरली होती. पाठ झाल्यावर उरलेले गुंडे किराणा दुकानात वजन करून आणले. पाठीला ९२ ग्रॅम लागली होती. पुढचा भाग तेवढाच, दोन्ही बाह्या मिळून साधारण तेवढ्याच. म्हणजे २७६, आणि गळपट्टीला १४. सासूबाईंना आकडे सांगितले तर म्हणाल्या, "गळा दुसऱ्या रंगाचा कर, पर बाह्या पुऱ्या कर."

मी बाह्या खांद्याकडून खाली विणल्या आणि गळा व मनगटाच्या पट्ट्या निळ्या केल्या. पोरगं वाढतंय. पुढच्या कार्तिकात मनगटाची निळी पट्टी उसवायची, टाके सुईवर घ्यायचे आणि राखून ठेवलेल्या मरून लोकरीनं दीड-दोन इंच आणखी उतरायचं.