आक्कांसाठी गीतरामायण निवडताना



अक्षय तृतीयेला सगळ्यांना उसाचा रस देऊन झाला आणि आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पेला खाली ठेवत सांगितलं, "यंदाच्या चातुर्मासापासून मी गाणी सोडणार. टीव्ही, रेडिओ, तुमच्या मोबाइलवरचं, सगळंच."

आमच्या घरात कुणी दचकलं नाही. दर चातुर्मासात आक्का काहीतरी सोडतात आणि एकदा सोडलेलं सहसा परत घेत नाहीत. दोन वर्षांपूर्वी चहा गेला, त्याआधी गोड. पण या वेळी पुढं एक वाक्य होतं. "त्याआधी एकदा गीतरामायण पुरतं ऐकायचंय. पहिल्यापासनं शेवटपर्यंत, ओळीनं. सुटं सुटं लई ऐकलं."

आक्कांचं वय ब्याऐंशी. कानाला यंत्र आहे. गाणी छप्पन्न. माझ्या मुलीनं लगेच कॅलेंडर काढलं. रोज एक गाणं धरलं आणि वैशाख पौर्णिमेला सुरुवात केली, तर आषाढातल्या चतुर्दशीपर्यंत छप्पन्न बसत होती, वर एक-दोन दिवस हाताशी राहत होते. फेरी एकच होणार होती. पुन्हा ऐकू म्हणायची सोय नव्हती. ती लावून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? मोबाइलवर सुधीर फडक्यांचा सगळा संच आहे. नमुना म्हणून मधलंच एक लावलं, कौसल्येचं. आक्कांनी यंत्र नीट बसवलं, थोडं ऐकलं आणि हात हलवला. "हे न्हवं गं. ही बाई म्हणायची."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की गीतरामायण एक नाही, निदान दोन आहेत.

पहिलं आकाशवाणी पुणे केंद्राचं. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून ते उभं राहिलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गाणं लागलं. आठवड्याला एक नवं गाणं, शुक्रवारी सकाळी पावणेनऊला, आणि तेच पुन्हा शनिवारी-रविवारी. बेत बावन्न गाण्यांचा होता, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ती छप्पन्न झाली आणि 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीला शेवटचं लागलं. त्यात ज्याचं गाणं त्याचा आवाज. रामाला स्वतः फडके, सीतेला माणिक वर्मा, कौसल्येला ललिता फडके. वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे आणखी कितीतरी.

दुसरं म्हणजे नंतर एचएमव्हीनं काढलेला, फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातला संच. दहा कॅसेटींचा तो संच लग्नात आहेर म्हणून दिलेलासुद्धा मी पाहिला आहे. आपल्या पिढीला गीतरामायण म्हणजे हेच. दशरथ, लक्ष्मण, शूर्पणखा, शबरी, हनुमान, सगळे एकाच गळ्यातून. फडके बाईचं गाणं म्हणताना बाईचा आवाज काढत नाहीत. आपल्याच आवाजात तिचं दुःख म्हणतात.

आक्कांनी ऐकलं होतं ते पहिलं. शिरोळ तालुक्यातल्या त्यांच्या माहेरी तेव्हा एकच रेडिओ होता, मास्तरांकडचा, बॅटरीवर चालणारा. आक्का बारा वर्षांच्या. शुक्रवारी शाळेच्या आधी मास्तरांच्या कट्ट्याखाली पोरी उभ्या राहायच्या. पण कधी भांगलण, कधी धाकट्या भावाला सांभाळणं, कधी बॅटरीच संपलेली. छप्पन्नातली निम्मी तरी हुकली. म्हणून तर त्यांना आता ओळीनं ऐकायचं होतं.

पुढचे दहा दिवस मी दुपारची भांडी आवरली की शोधायला बसायची. जुन्या प्रसारणातली गाणी इंटरनेटवर आहेत, पण विखुरलेली. एक इथं, दोन तिथं. काहींत खरखर, काहींची सुरुवातच कापलेली, आणि काही मला सापडलीच नाहीत. मुलगी म्हणाली, श्रीधर फडके वडिलांच्या चालींवर गीतरामायणाचे कार्यक्रम करतात, ते घेऊ, आवाज स्वच्छ येईल. ऐकायला छानच वाटलं, पण आक्कांच्या ओळखीचं ते नव्हतं.

म्हणजे निवड अशी होती: पुरतं पण एका आवाजाचं, की अनेक आवाजांचं पण अपुरं? मी ती आक्कांपुढं ठेवली, रात्रीच्या सामायिकाआधी. मुलगी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. ती म्हणाली, "आजी, पहिलंच घे. प्रत्येकाचा आवाज वेगळा, प्रत्येकाची बाजू वेगळी. हाच आपला अनेकांत."

आक्का हसल्या. "दहा माणसं दहा बाजूंनी बोलली म्हणजे अनेकांत व्हय? तसं तर चावडीवर रोज होतंय. एकाच माणसाला दहाही जणांचं म्हणणं म्हणता आलं पाहिजे, आणि खोटं वाटता कामा नये. तो अनेकांत." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि रामायण गातंय कोण? रामापुढं बसून त्याचीच दोन पोरं. तीच सगळ्यांचं म्हणत्यात. फडक्यांचं लाव. पण पुरतं."

लावायची वेळही त्यांनीच ठरवली: सकाळी पावणेनऊ. ती नेमकी माझी डब्यांची वेळ! पण रेडिओची वेळ तीच, त्यामुळं बोलायला जागा नव्हती. मी डबे साडेआठला भरायला लागले.

मैत्रिणींनो, कुणाला घरातल्या मोठ्यांसाठी असं काही लावायचं असेल तर एक अनुभव सांगते. मोबाइलच्या स्पीकरवर कानाच्या यंत्राला शब्द नीट कळत नाहीत. आम्ही एक छोटा स्पीकर आणला, आक्कांच्या चांगल्या कानाकडं हातभर अंतरावर ठेवला, आवाज मध्यमच ठेवला आणि पंखा बंद केला. मग "शब्द उमटायला लागले", असं त्याच म्हणाल्या.

पहिला दिवस भूपाचा. आक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "आपल्या कोल्हापूरचा पोरगा." ते खरंच आहे. सुधीर फडक्यांचा जन्म 25 जुलै 1919 चा, इथला, कोल्हापूरचा. जन्मनाव रामचंद्र. गाणं शिकायला सुरुवात झाली तीही इथंच, वामनराव पाध्यांकडं. माडगूळकर त्याच वर्षीचे, आणि त्यांचीही चित्रपटातली सुरुवात कोल्हापुरातली. म्हणजे आपल्याच पेठांतून फिरलेली ही दोन माणसं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बस्तीत स्वाध्यायाला ही गोष्ट निघाली, तेव्हा एका ओळखीच्या काकींनी टोकलं, "पण हे आपलं रामायण नव्हे. आपल्या पद्मपुराणात वेगळं आहे." खरं आहे. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात राम म्हणजे पद्म, आठवे बलभद्र. रावणाचा वध त्यांच्या हातून होत नाही, लक्ष्मणाच्या हातून होतो. हनुमान, सुग्रीव वानर नाहीत, वानरचिन्हाच्या वंशातले विद्याधर आहेत. आणि शेवट राज्यावर नाही, मुनिदीक्षेवर आणि मोक्षावर आहे. निर्वाणकांड म्हणताना आपण तुंगीगिरीला वंदन करतो ते त्यांच्यासाठीच. नाशिक जिल्ह्यातल्या मांगी-तुंगीला गेलेल्या मैत्रिणींना हे सांगायला नको.

आक्कांनी काकींना शांतपणे सांगितलं, "ऐकता ऐकता मी दुरुस्ती करते." आणि त्या खरंच करायच्या! हनुमानाचं गाणं आलं की पुटपुटायच्या, "विद्याधर." रावणवधाच्या दिवशी तर मोठ्यानं म्हणाल्या, "लक्ष्मणानं!" माझी मुलगी हसून हसून लोळली.

भरताची समजूत घालणाऱ्या गाण्याला मात्र कसलीच दुरुस्ती नव्हती. यमनातलं ते गाणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. त्या दिवशी आक्का म्हणाल्या, "कैकेयीचा दोष न्हाई, बापाचा न्हाई, हे वनवासाला निघालेला माणूस सांगतोय. कर्माचा उदय दुसऱ्या कुणावर ढकलायचा नसतो, हेच आपणही शिकलो की."

असं करत आम्ही शेवटाशी आलो. गरोदर सीतेला वनात सोडतात आणि ती लक्ष्मणाला विचारते, ते गाणं. हे आक्कांनी लहानपणी ऐकलेलं नव्हतं, हुकलेल्यांपैकी होतं. माझ्याकडं याचं जुनं, बाईच्या आवाजातलं प्रसारणही सापडून ठेवलेलं होतं. मी विचारलं, "आज कोणतं लावू?"

"आधी बाईचं."

ते झालं. आक्कांनी डोळे पुसले नाहीत, काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता फडक्यांचं."

एका दिवसात दोन गाणी झाली ती तेवढीच. दुसरं संपल्यावरही त्या बराच वेळ तशाच बसल्या. मी स्पीकर बंद करून डबे घ्यायला उठले तर म्हणाल्या, "बस जरा."

आक्कांच्या लग्नानंतर तीन वर्षं मूल नव्हतं. गावात बोलणं सुरू झालं. दिवाळीला म्हणून त्यांना माहेरी धाडलं आणि आणायला अकरा महिने कुणी गेलं नाही. हे मला चुलत सासूबाईंकडून तुटक तुटक माहीत होतं. आक्कांच्या तोंडून साठ वर्षांत कुणी ऐकलेलं नव्हतं.

"दादानं काही विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "एक दिवस न्हाई विचारलं. पानात वाढत राहिला." पद्मपुराणातल्या वज्रजंघाची मला आठवण झाली. वनात सीता भेटल्यावर तिला बहीण मानून घरी नेणारा राजा.

मग त्या सीतेच्या निरोपाबद्दल बोलल्या. आपल्या कथेत सीतेला वनात सोडायला लक्ष्मण जात नाही, कृतांतवक्त्र सेनापती जातो, आणि सीता त्याच्याजवळ रामाला निरोप देते की लोकांच्या बोलण्यानं मला सोडलंत तसं लोकांच्या बोलण्यानं धर्म सोडू नका. "त्या अकरा महिन्यांत मी तेवढंच धरून होते. रात्रीचं जेवण तेव्हापासनं बंद. म्हटलं, माणसं गेली तर गेली, हे जायला नको."

मी विचारलं, "मग दोन्हीतलं कोणतं आवडलं आक्का?"

"बाईचं ऐकताना तिचं दुःख कळलं. ते मला ठाऊकच होतं." थोडा वेळ गेला. "पण रेडिओवर राम कोण म्हणायचं? फडकेच की. त्याच आवाजात आज तिचं गाऱ्हाणं आलं. ज्यानं सोडली त्याच्याच तोंडातनं. तुझ्या मामंजींनी एकदा तरी म्हणावं असं वाटायचं. न्याय न्हवता मागत मी. नुसतं, तिला काय वाटलं असंल, एवढं."

मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली. भले गृहस्थ होते, मला त्यांनी लेकीसारखं वागवलं. पण हे त्यांनी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणणार कोण? मी काहीच बोलले नाही. डब्यांना त्या दिवशी उशीर झाला. ह्यांना मी नंतर सगळं सांगितलं. हे संध्याकाळी सूर्यास्ताआधीच कामावरून आले आणि आईशेजारी जेवायला बसले. तेही काही बोलले नाहीत. भाकरी मोडून तिच्या आमटीत कुस्करून दिली.

दुसऱ्या दिवशी भैरवीतलं शेवटचं गाणं झालं. आक्कांनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं, स्पीकरची वायर स्वतः गुंडाळली आणि म्हणाल्या, "हे आता पोरीला दे, अभ्यासाला घेऊ दे."

आषाढी चतुर्दशीला त्यांनी महाराजांपुढं नियम घेतला. मी मात्र अजून डबे साडेआठलाच भरते. पावणेनऊला आक्का त्याच भिंतीला टेकून जपमाळ घेऊन बसतात, आणि पंखा मी बंदच ठेवते.