दोन वेटोळी

आमच्या घरात चार दिवस अबोला होता. कारण म्हटलं तर क्षुल्लक. क्लासच्या फीसाठी दिलेल्या पैशांतून चिरंजीवांनी इलेक्ट्रिक गिटारचं नवं पिकप आणलं.

"जुनं बिघडलं होतं का?" मी विचारलं.

"नाही. पण त्याचा आवाज वेगळा होता."

"गोंगाटात कसला आलाय वेगळेपणा!" मी म्हणालो, आणि तो भरल्या ताटावरून उठला.

पाचव्या रात्री मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. तो दारात येऊन उभा राहिला. "बाबा, पाच मिनिटं ऐकाल? मग काय बोलायचं ते बोला."

गिटार तीच, धून तीच; एकदा एका पिकपवर वाजवलेली, एकदा दुसऱ्यावर. त्यानं हेडफोन माझ्या कानांवर चढवला. पहिल्या खेपेला मला काडीचाही फरक कळला नाही. तिसऱ्या खेपेला कान उघडले. पहिल्या आवाजात बोट हलकं पडलं की सूरही हलका होई, जोरात पडलं की त्याला धार चढे. दोन सुरांमध्ये वारा खेळत होता. दुसरा आवाज भरदार, दाट. पण हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"पहिला बैठकीत बोलतोय," मी म्हणालो, "आणि दुसरा निवडणुकीच्या सभेत."

तो खळखळून हसला. चार दिवसांनी! "अगदी बरोबर! पहिल्यात अल्निकोचं चुंबक आणि तारेचे वेढे कमी. दुसऱ्यात सिरॅमिकचं चुंबक आणि वेढे पुष्कळ. वेढे वाढले की जोर वाढतो, पण वरची चमक जाते."

"यातलं नवं कुठलं?"

"पहिलं."

मी चाटच पडलो. म्हणजे फी मोडून या मुलानं आवाज वाढवला नव्हता, मोकळा केला होता!

मग त्यानं मला 'हंबकर' समजावला. अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली तो घडवला. 1957 पासून तो लेस पॉल गिटारींवर बसू लागला. एका वेटोळ्याऐवजी शेजारीशेजारी दोन वेटोळी, उलटसुलट जोडलेली. विजेची गुणगुण दोघांतही शिरते, पण परस्परविरुद्ध होऊन विरून जाते. चुंबकाची टोकंही उलट ठेवलेली असल्यानं तारेचा सूर मात्र विरत नाही. दोघांचा मिळून दुणावतो.

तो निघून गेला. मी पुन्हा उत्तरपत्रिका ओढल्या, पण लक्ष लागेना. वीस वर्षं मी वर्गात सांगत आलो आहे की, समानार्थी शब्द खरे समान कधीच नसतात. ऊन वेगळं, ऊब वेगळी. आणि घरात मुलाच्या साऱ्या सुरांना मी एकच शब्द वापरत होतो : गोंगाट.

फी मी दुसऱ्या दिवशी भरली. ती तो शिकवण्या करून हप्त्यांनी फेडणार आहे; त्यात सूट नाही.

त्या रात्री पलीकडच्या खोलीत गिटार सुरू झाली. सवयीनं मी दार लावायला उठलो. कडीवर हात ठेवून क्षणभर थांबलो, आणि दार उघडंच ठेवून परत येऊन बसलो.