मुंगी घाटातली आमची शर्यत

माझे गाव माळशिरस तालुक्यात नीरा नदीच्या काठी आहे. आमच्या गावात डोंगर नाही, नुसता ऊस आहे. पण आभाळ स्वच्छ असले की मावळतीकडे शंभू महादेवाचे डोंगर निळे निळे दिसतात. त्यातल्याच एका डोंगरावर शिखर शिंगणापूर आहे. देऊळ सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात आहे. पण चढायचा मुंगी घाट आपल्या बाजूला आहे आणि पायथ्याचे कोथळे गाव आपल्या माळशिरस तालुक्यातले आहे. म्हणून आमचे आबा म्हणतात, "देव साताऱ्याचा न् वाट सोलापूरची."

चैत्र शुद्ध द्वादशीला गावोगावच्या कावडी मुंगी घाटातून वर जातात. कावडीला दोन्ही बाजूंनी पाण्याची भांडी असतात. ते पाणी रात्री देवाला घालतात. सासवडकडची तेल्या भुत्याची कावड सगळ्यात मोठी असते. तिच्यात कऱ्हा नदीचे पाणी असते आणि ती सगळ्यांच्या मागून चढते. आमच्या गावची कावड लहान आहे, पण नटवलेली आहे.

आबांनी पुष्कळ वर्षे कावडीचा दोर ओढला. आता त्यांचे गुडघे दुखतात. ते कोथळ्यापर्यंत ट्रॅक्टरने येतात आणि खालीच बसतात. गेल्या चैत्रात त्यांनी मला जवळ बोलावले. त्यांच्याजवळ एक पितळी तांब्या होता. त्यात त्यांनी पहाटे स्वतः नीरेत उतरून पाणी भरले होते. तोंडाला फडके बांधले होते. ते म्हणाले, "दरसाली हे मी नेतो. औंदा तू ने. सांडू नगंस आणि पळू नगंस."

मी "व्हय" म्हणालो.

पण त्याच्या आधीच माझी आणि दादाची पैज लागली होती. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तो सहावीला आहे. जो वर आधी पोचेल त्याला दुसऱ्याने जत्रेत गारेगार द्यायचे. गुरुजींनी आम्हाला वर्गात ललिता बाबर यांची माहिती सांगितली होती. त्या माण तालुक्यातल्याच मोही गावच्या. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्या अंतिम फेरीत पोचल्या आणि दहाव्या आल्या. त्या शर्यतीत २८ अडथळे असतात आणि ७ वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते. गुरुजींनी असेही सांगितले होते की साताऱ्याला २०१२ सालापासून डोंगर चढायची २१ किलोमीटरची शर्यत होते. तेव्हापासून मला वाटत होते, आपणही डोंगर पळून चढावा. गुरुजींचा यात काही दोष नाही.

दुपारी आम्ही निघालो. ऊन इतके होते की दगडाला हात लावला तर चटका बसत होता. घाटाला पायऱ्या नाहीत. नुसते दगड, धोंडे आणि मुरूम. पाय ठेवला की मुरूम खाली घसरतो. वर बघितले तर माणसे मुंग्यांसारखी ओळीने चालली होती. कावड आली की लोक साखळी करून एकमेकांचे हात धरतात, आणि "हर हर महादेव" म्हणून कावड वर ओढतात. माणूस दमला की "म्हाद्या धाव!" असे देवाला एकेरीत ओरडतो. देव रागावत नाही.

दादा माझ्या पुढे होता. त्याचे पाय लांब आहेत. मी तांब्या पोटाशी धरून मोठ्या माणसांच्या मधून पळत होतो. घसा सुकला होता. छातीत धाड धाड होत होते. एका बाईने मला "आरं, कुठं पळतुयास?" म्हणून विचारले, पण मला बोलता येईना. अर्ध्यावर मी दादाला गाठले. मग मी त्याच्या पुढेही गेलो! दादा मागून "थांब की रं!" म्हणाला. मला फार आनंद झाला.

तेवढ्यात अंधारून आले. आधी वारा सुटला आणि सगळा फुफाटा डोळ्यांत गेला. मग वीज कडाडली. लोक ओरडले, "झाडाखाली जाऊ नका! खाली बसा!" मग एकदम गारा आल्या. बोराएवढ्या गारा होत्या. त्या डोक्यात टणाटण लागत होत्या. मी तरी थांबलो नाही, कारण मी पुढे होतो. तिथेच माझा पाय घसरला. मी गुडघ्यावर पडलो आणि तांब्या हातातून सुटून दगडावर आपटत खाली गेला.

एका काकांनी तो पायाने अडवला. त्यांनी मला दंडाला धरून ताडपत्रीखाली ओढले. तिथे वीसेक माणसे ताडपत्री डोक्यावर धरून बसली होती. तांब्याला पोचा आला होता. फडके सुटले होते. मी उलटा करून बघितला. एक थेंबसुद्धा नव्हता.

मी रडलो. गुडघ्याला रक्त आले म्हणून रडतो असे सगळ्यांना वाटले. एका आजींनी त्यावर हळद लावली. डोंगरावर त्यांच्याजवळ हळद कशी होती कोण जाणे.

ताडपत्रीच्या कोपऱ्यातून पावसाच्या पाण्याची धार लागली होती. मी कितीतरी वेळ त्या धारेकडे बघत होतो. मग मी तांब्या त्या धारेखाली धरला. तो लगेच भरला. फडके पिळले आणि परत बांधले. वर बघतो तर दादा समोर उभा! तो मला शोधत आला होता. त्याने सगळे बघितले होते. तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पाणी ते पाणी. म्हादेवाच्या डोक्यावर गंगाच हाय की." मग त्याने दोन मुठी गारा गोळा केल्या. एक मूठ मला दिली. गारेगार तिथेच फुकट मिळाले.

पाऊस उघडल्यावर आम्ही दोघे हात धरून चढलो. निसरडे झाले होते. मी एकही पाऊल पळालो नाही. वर कोण आधी पोचले ते आम्हाला आठवत नाही. देवळात शंकर आणि पार्वती अशी दोन लिंगे आहेत. गर्दीत आम्हाला आत जाता आले नाही. आमच्या गावच्या एका माणसाने तांब्या घेतला आणि कावडीच्या पाण्यात ओतला. म्हणजे आता सगळ्या गावाच्या पाण्यात ते पाणी मिसळले.

दुसऱ्या दिवशी खाली आल्यावर आबांनी विचारले, "पाणी पोचलं का रं?"

मी म्हणालो, "पोचलं."

त्यांनी तांब्याचा पोचा बघितला, त्यावरून बोट फिरवले आणि काही बोलले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जड वाटतो.

हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही. गुरुजी म्हणाले, भित्तिपत्रकासाठी खरा अनुभव लिहा, म्हणून लिहिले. येत्या शनिवारी पालक शाळेत येणार आहेत. आबाही येणार आहेत. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्म्याची एक काडी मोडली आहे. दादा म्हणतो, मी वाचून दाखवणार नाही, तूच दाखव.

(इयत्ता चौथी)