व्यवसाय : गृहिणी

कुळगावातली माझी लॅब बाहेरून पाहिली तर रक्त-लघवीची. सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग, नंबर पुकारणारी मुलगी, भिंतीवर कालनिर्णय. माझं खरं काम आतल्या खोलीत चालतं. तिथे पातळ काप घेणारा मायक्रोटोम आहे, सूक्ष्मदर्शक आहे आणि डोळ्यांना झोंबणारा फॉर्मालिनचा वास आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या दवाखान्यांतून बायोप्सीच्या बरण्या येतात. प्रत्येक बरणीसोबत एक फॉर्म. त्यावर वय, स्त्री की पुरुष, ‘छातीत पाणी’ एवढंच. बाकीच्या रकान्यांत आडवी रेघ.

काही वर्षांपूर्वी आलेल्या अशाच एका फॉर्मवर लिहिलं होतं : व्यवसाय, गृहिणी. बाईंनी साठी ओलांडलेली. उजव्या बाजूचं पाणी दोनदा काढलेलं, टीबीच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा झालेला आणि पाणी पुन्हा भरलेलं. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि बहुतेक वेळा तो खराच ठरतो.

फुफ्फुसाला बाहेरून आणि छातीच्या पिंजऱ्याला आतून एक अस्तर असतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. दोन पदरांमध्ये चमचा-दोन चमचे ओलावा, श्वास घेताना घर्षण होऊ नये म्हणून. या अस्तराच्या पृष्ठभागावर पेशींची एकच ओळ असते, मेसोथेलियम. या पेशी मोठ्या नाटकी. न्यूमोनिया होवो, टीबी होवो, यकृत बिघडो, त्या फुगतात, केंद्रकं मोठी करतात, झुबक्यांनी पाण्यात उतरतात आणि हुबेहूब कॅन्सरचं सोंग घेतात. उलट त्यांचा खरा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, कित्येकदा इतका सभ्य दिसतो की नवशिक्याने ‘साधी सूज’ म्हणून सही करावी. म्हणून नुसत्या पाण्यावर निदान करायला मी धजावत नाही. पेशी कशा दिसतात यापेक्षा त्या कुठवर घुसल्या आहेत ते पाहायचं असतं, आणि पाण्याला ‘कुठवर’ नसतं. त्यासाठी दुर्बीण घालून काढलेला, अस्तराखालच्या चरबीसकट आलेला तुकडा लागतो.

बाईंचे तसे तुकडे आले. पॅराफिनच्या मेणात बसवून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतले, नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात बुडवले. टीबीच्या गाठी कुठेच नाहीत. ग्रंथींसारख्या नळ्या करून बसलेल्या पेशी मात्र भरपूर. हा फुफ्फुसाचा कॅन्सर अस्तरावर पसरला होता, की अस्तराचाच कॅन्सर होता? गुलाबी-निळ्यात हे दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. माझ्या लॅबमध्ये पुढची सोय नाही, म्हणून मेणाचा ब्लॉक मुंबईला गेला.

पुढची सोय म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रतिद्रव्यं कापावर सोडायची. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उठतो. एका प्रथिनावर कधी विसंबायचं नाही. मेसोथेलियमच्या बाजूचे किमान दोन साक्षीदार आणि कार्सिनोमाच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या, बाजूचे दोन, अशी उलटतपासणी घ्यायची. या साक्षीदारांची नावं मोठी गमतीची. कॅलरेटिनिन पहिल्यांदा सापडलं कोंबडीच्या पिल्लाच्या डोळ्यातल्या पडद्यात; डब्ल्यूटी-१ हे नाव लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या गाठीवरून आलेलं. दोघांचा छातीशी नावापुरताही संबंध नाही, तरी आमचा भरवसा त्यांच्यावर. बाईंच्या पेशी कॅलरेटिनिनने केंद्रकासकट तपकिरी झाल्या, डब्ल्यूटी-१ केंद्रकांत उठलं. टीटीएफ-१ आणि क्लॉडिन-४, ही कार्सिनोमाची बाजू, कोरी राहिली.

इथे खरा सापळा असतो. एवढ्यावरून पेशी मेसोथेलियमच्या आहेत हे कळतं; त्या बिघडल्या आहेत का, हे कळत नाही. सुजलेल्या निरोगी पेशीही हाच रंग घेतात. मग बीएपी-१ पाहायचं. हे प्रथिन निरोगी पेशींच्या केंद्रकात असतंच. बऱ्याच मेसोथेलिओमांत ते हरवतं. हा रंग असा की त्याचं नसणं म्हणजेच पुरावा. पण काप नीट रंगला होता ना, हेही पाहावं लागतं. म्हणून आधी शेजारच्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी, शोधायच्या. त्या तपकिरी झालेल्या, आणि त्यांच्या मधोमध ट्यूमरची केंद्रकं फिकट निळी, रिकामी. बाईंच्या कापात असंच होतं. शिवाय खालच्या चरबीत त्या पेशी सरळ घुसलेल्या. चरबीनेही फसायला होतं. जुनाट सुजेत अस्तर जाड झालं की त्यात आडव्या पोकळ्या पडतात, त्या हुबेहूब चरबीसारख्या दिसतात. ही चरबी खरी होती.

रिपोर्टवर सही करण्याआधी मी बाईंच्या घरी फोन केला. मुलीने उचलला.

“आई कधी कंपनीत कामाला होती का?”

“नाही हो मॅडम. घरीच.”

“आणि बाबा?”

“बाबा बॉयलरवर होते. पाइपांना गुंडाळायचं काम. जाऊन बारा वर्षं झाली.”

“कामाचे कपडे कोण धुवायचं?”

“आईच. आधी गॅलरीत झटकायची, मग भिजवायची. पांढरं पांढरं उडायचं.”

पांढरं म्हणजे ॲस्बेस्टॉसच होतं, हे कोणतीही स्लाइड मला सांगू शकत नव्हती. पण ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी या कॅन्सरचं नातं लावणारी शंका जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत किम्बर्लीच्या टीबी रुग्णालयातल्या डॉ. स्लेग्ज यांच्या लक्षात आलं होतं, की शहराच्या पूर्वेकडून येणारे छातीत पाणी झालेले रोगी टीबीच्या औषधांनी बरे होतात, पश्चिमेकडचे होत नाहीत. पश्चिमेला निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. पॅथॉलॉजिस्ट वॅग्नर यांनी तुकडे पाहिले आणि १९६० मध्ये स्लेग्ज व मर्चंड यांच्यासह ३३ रोग्यांची नोंद छापली. त्यांतले काही खाणीत कधी उतरलेच नव्हते, नुसते आसपास राहिलेले. १९६५ मध्ये लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांना रोग्यांमध्ये कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायका सापडल्या. धूळ छातीत जाणं आणि रोग दिसणं यांत वीस ते चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त जातात.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं, की ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांतलं जे नंतरचं असेल तोवर ठेवाव्यात. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली; पाचांतल्या एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टोसिस, म्हणजे या धुळीने फुफ्फुसं राठ होण्याचा रोग, होता. नोंदी ठेवायच्या त्या कामगाराच्या. त्याच्या बायकोच्या नोंदी कुठल्या कपाटात ठेवायच्या, हे कुणी सांगितलेलं नाही. आणि कंत्राटी माणसाचं तर कपाटच नसतं.

गल्लीतल्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांबद्दल लोक मला घाबरून विचारतात. धड पत्रा डोक्यावर असणं वेगळं, तो करवतीने कापणं, ड्रिलने भोकं पाडणं, मोडून चुरा करणं वेगळं. धोका धुळीत आहे. मजूर मात्र आजही नाकाला रुमाल बांधून कापतात, आणि ॲस्बेस्टॉसच्या बारीक धाग्यांपुढे रुमालाचं काही चालत नाही.

बाईंना पुढे परळच्या कॅन्सर रुग्णालयात पाठवलं. निदान झाल्यावर त्या वर्षभर जगल्या. माझ्या रिपोर्टमुळे त्या वर्षात फारसं काही बदललं असं मी म्हणणार नाही; टीबीच्या गोळ्या मात्र पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

त्यानंतर मी फॉर्म बदलून छापून घेतला. ‘व्यवसाय’च्या खाली एक ओळ वाढवली : ‘याआधीचे व्यवसाय, घरातील इतरांचे व्यवसाय’. दवाखान्यांतून ती बहुधा कोरीच येते. गेल्या आठवड्यात अंबरनाथहून एक फॉर्म आला. पुरुष, एकाहत्तर, डाव्या बाजूला पाणी, व्यवसाय : निवृत्त. नवीन ओळीत ‘लागू नाही’. खाली मोबाइल नंबर होता. मी लावला.

“काका, निवृत्त व्हायच्या आधी काय करायचात?”

“आधी म्हणजे किती आधी?”

“अगदी पहिल्या नोकरीपासून सांगा,” मी म्हटलं आणि फॉर्म उलटा करून मागची कोरी बाजू समोर घेतली.