पाच चित्रांची अट

दिलेल्या विषयावर काढलेलं चित्र हे खरं चित्र नव्हे, असं मी उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षांत मनापासून मानत होते. वर्गात एखाद्या स्पर्धेचं ब्रीफ आलं की माझा उत्साह मावळायचा. प्रिंटच्या स्टुडिओत मात्र मी मोकळी असायचे. लिनोचा तुकडा, कोरायला एक गाउज आणि हात नेईल तिकडे रेघ. मांजराला चष्मा, रिक्षाला शेपूट. त्यात खेळ होता, आणि खेळाला कुणी बाहेरून अट घालू नये असं मला वाटायचं. आता माझं मत बदललं आहे, आणि ते का बदललं हे मला नीट सांगायचं आहे.

आधी जुन्या मताची बाजू, कारण ते मत हवेतून आलेलं नव्हतं. महाराष्ट्रात चित्रकलेची आवड असलेली बरीच मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांतून जातात. स्मरणचित्राला विषय यायचा, बाजार किंवा बसथांबा, आणि आम्ही त्याची मांडणी आधीच पाठ करून गेलेलो असायचो: पुढे मोठ्या आकृत्या, मागे झाड, कोपऱ्यात सायकल. शाळेतल्या चित्रस्पर्धांमध्येही तेच. विषय म्हणजे परीक्षकाच्या मनात आधीच तयार असलेलं चित्र, आपण फक्त ते ओळखायचं. इतकी वर्षं हे अंगात मुरल्यावर ब्रीफचा कागद बघून जीव आक्रसला, तर त्यात नवल नाही. त्या वयातल्या मुलांवर होणारा हा संस्कार मला आजही टोचतो.

माझ्या मताला पहिला धक्का दिला तो थॉमस ब्यूइकने. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा हा काष्ठठसे कोरणारा. बॉक्सवुडच्या आडव्या कापलेल्या टोकावर, म्हणजे जिथे लाकूड सर्वांत घट्ट असतं तिथे, तो कोरायचा. ठसा अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांच्याच उंचीचा असल्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापून निघत. त्याच्या ब्रिटिश पक्ष्यांवरच्या पुस्तकाचे दोन खंड 1797 आणि 1804 मध्ये आले. पक्षी अप्रतिम आहेतच, पण मी अडकले ती पक्ष्याचं वर्णन संपल्यावर पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत. तिथे ब्यूइकने छोटी चित्रं कोरली आहेत. एकात एक माणूस पुलाचा कर वाचवायला गाईचं शेपूट धरून नदी पार करतोय आणि त्याची टोपी वाऱ्याने उडाली आहे! दोन-तीन इंचांची जागा, तीही मजकुरातून उरलेली, रंग एकच काळा. एवढ्या आवळलेल्या जागेत हा माणूस माझ्या चष्मेवाल्या मांजरापेक्षा कितीतरी जास्त खेळला आहे.

मग मी मुद्दाम शोधत गेले. नंदलाल बोस यांनी रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या बंगाली बालपोथीसाठी लिनो कोरले, 1930 साली. धडे ठरलेले, वाचणारं मूल ठरलेलं. मार्शिया ब्राउन या अमेरिकन चित्रकर्तीने हितोपदेशातली उंदराचा वाघ करणाऱ्या ऋषीची गोष्ट घेतली, आपल्या पुनर्मूषको भवची, आणि ती मोजक्या रंगांच्या काष्ठठशांत कोरली. 'वन्स अ माउस' या तिच्या पुस्तकाला 1962 चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. यांतलं कोणीच स्वतःपुरतं खेळत नव्हतं.

माझ्या मोकळ्या प्रिंट्समध्ये नेमकी हीच उणीव होती. समोर कोणी नव्हतंच. खो-खोला पाटी नसेल, खांब नसतील, पाठीवर कोणी धावून येत नसेल, तर उरतं ते नुसतं पळणं.

म्हणून मी एका स्पर्धेला चित्रं पाठवायचं ठरवलं. इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात चित्रकारांचं प्रदर्शन भरतं, 1967 पासून. त्यासाठी पाच चित्रं पाठवायची असतात, एका मालिकेतली. मी विषय निवडला चिऊ-काऊच्या गोष्टीचा. निवडसमिती देशोदेशीची. शेणाचं घर, मेणाचं घर, दार न उघडण्यासाठी चिऊची एकेक सबब, यातलं त्यांना काही ठाऊक नसणार. अक्षर एकही वापरायचं नाही हे मी ठरवलं होतं. मग थांब, जरा थांब, हे चित्रात कसं दाखवायचं?

उत्तर ठशानेच दिलं. ही गोष्ट पुन्हापुन्हा तेच बोलण्यावर उभी आहे, आणि लिनो पुन्हापुन्हा तेच छापतो. म्हणून पाचही चित्रांत दार एकच, ठसा एकच. घरात बदलते ती फक्त खिडकी: कधी पिल्लाची अंघोळ, कधी तीट, कधी झोका. लिनोत कोरलेली रेघ कागदावर पांढरी राहते, म्हणून गडद आभाळात मी पावसाच्या रेघा कोरल्या, आणि प्रत्येक चित्राच्या आधी थोड्या आणखी. कोरलेलं पुन्हा भरता येत नाही. पहिल्या चित्राच्या हव्या तेवढ्या प्रती काढून झाल्या की मगच पुढचा पाऊस. काऊचा ठसा वेगळा होता. त्यावर शाईचा रोलर एकदाच फिरवून तो पाचही कागदांवर ओळीने दाबला, त्यामुळे भिजत-भिजत काऊ फिकट होत गेला. पाचव्यात नुसती चोच आणि डोळ्याभोवतीचं काळं उरलं. स्टुडिओतल्या मावशी ते बघून खळखळून हसल्या आणि लगेच म्हणाल्या, "अगं, घे की त्याला आत!"

पाचाची अट नसती तर मी बारा चित्रं केली असती आणि काऊ कधीच असा विरघळला नसता. चित्रं निवडली गेली नाहीत. दोन दिवस वाईट वाटलं, पण मत काही पुन्हा फिरलं नाही.

स्पर्धेबद्दलच्या माझ्या काही तक्रारी मात्र कायम आहेत आणि त्या सोडायचा माझा विचार नाही. पाठवायचा असतो बहुधा स्कॅन, आणि स्कॅनमध्ये शाईची जाडी, कागदात दबलेली कड, सगळं सपाट होतं. क्रमांक लावण्यातून चित्राबद्दल फारसं काही कळत नाही. काही स्पर्धांच्या नियमांत, खाली बारीक अक्षरांत, आलेल्या प्रत्येक चित्राचे हक्क आयोजकांचे असं असतं, जिंकलेल्याचेच नव्हे, सगळ्यांचे. अशा ठिकाणी मी पाठवत नाही आणि मागच्या वर्गातल्या मुलांनाही आधी ते कलम वाचायला सांगते. ब्रीफ आवडलंच तर ते घ्यावं, काम करावं आणि स्वतःजवळ ठेवावं. त्याला कोणाची हरकत नसते.

सध्या समोर एका बालकादंबरीच्या मुखपृष्ठाचं ब्रीफ आहे. दोन रंग, कणा धरून एकसलग चित्र, आणि मागच्या बाजूला बारकोडसाठी पांढरा चौकोन सोडायचा. त्या चौकोनाच्या आत काही काढायचं नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्या कडेने मुंग्या जाऊ शकतात. पुढच्या बाजूवरून निघालेली रांग कण्यावरून उतरते, चौकोनाशी अडते आणि वळसा घालते. एकीला मात्र तो साखरेचा खडा वाटलाय, आणि ती एकटीच त्याला ढकलत बसली आहे.