कुशियारेच्या घाटावर

मणिपूरच्या डोंगरांतून आलेली बराक नदी बांगलादेशाच्या सीमेवर दुभंगते. उत्तरेची सुरमा, दक्षिणेची कुशियारा. आसामातील श्रीभूमीच्या (पूर्वीच्या करीमगंजच्या) घाटावर उभे राहिले, की पैलतीरी जकीगंज दिसते. जुलै १९४७ च्या सार्वमतानंतर सिलहट पाकिस्तानात गेले. साडेतीन ठाणी तेवढी भारतात राहिली. ठाण्याचेही अर्धे करणारी ही कसली वाटणी! उधारी पैलतीरी, खातेवही ऐलतीरी. बोली मात्र दोन्हीकडे सिलेटीच, शीतलपाटीही तीच. आपल्या बंगालीसाठी १९ मे १९६१ रोजी सिलचर स्थानकावर ११ जणांनी गोळीबारात प्राण दिले, तेव्हा बराक खोऱ्यात ती राजभाषा झाली. घाटावरचे वृद्ध समोर बोट दाखवून आजोळ सांगतात. नदी रुंद नाही. पण पारपत्राशिवाय ओलांडता येत नाही.