उशाशी ठेवलेली बॅटरी

आमची शेती पुरंदर तालुक्यात. श्रावणात वाटाणा निघाला की रात्री टेम्पोत पोती भरायची, दिवे घाट उतरायचा आणि पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडत्याच्या गाळ्यावर माल लावायचा, हा आमचा दर वर्षीचा शिरस्ता. पट्टी हातात पडली की मी चालतच बिबवेवाडीला थोरल्या मुलाकडे जातो.

गेल्या हंगामात असाच गेलो आणि पावसाने अडकून पडलो. चार वर्षांची नात सूनबाईच्या मोबाईलवर गाणी लावून घरभर नाचत होती. मी विचारले, "काय गं हे?" तर म्हणाली, "आबा, अग्गोबाई ढग्गोबाई! तुम्हाला माहीत नाही?"

खरेच माहीत नव्हते. सूनबाईंनी सांगितले, हा संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा मुलांच्या गाण्यांचा अल्बम. दोघेही पुण्याचे. एक इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलेला, दुसरा डॉक्टर झालेला; पण दोघे गाण्यातच रमले. 2003 सालापासून 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम ते करीत आले. त्यांतले खरे स्वतः लिहितात, चाल लावतात आणि गातातही. मला आई आठवली. ती जात्यावर बसली की शब्द तिचेच, चाल तिचीच आणि गळाही तिचाच.

दुपारभर नातीबरोबर शेंगा सोलीत मी ती गाणी ऐकली. मजा वाटली, इतकेच.

रात्री साडेदहाला मुलगा कामावरून आला. नात वाट पाहून झोपली होती. त्याने जेवण उरकले, तिच्याजवळ बसला आणि त्याच दोघांचे दुसरे एक गाणे अगदी बारीक आवाजात लावले, 'दमलेल्या बाबाची कहाणी'. कामावरून उशिरा परतलेला बाप झोपलेल्या लेकीला आपली गोष्ट सांगतो आहे. ती मोठी होईल, तेव्हा तिच्या जगात आपण असू की नाही, याची त्याला धास्ती आहे. गाणे शहरातल्या नोकरदाराचे. पण माझ्याच घरातले कोणी बोलते आहे असे वाटले.

मी म्हणालो, "अरे, ती झोपल्यावर कशाला लावतोस?"

तो म्हणाला, "तिच्यासाठी नाही तात्या, माझ्यासाठी लावतो." मग थोडा थांबून म्हणाला, "लहानपणी तुम्ही घरी कधी यायचात ते मला कळायचंच नाही. सकाळी उशाशी तुमची बॅटरी दिसली, की समजायचं, तात्या येऊन गेले."

मला उत्तर सुचले नाही. त्या वर्षांत विहिरीवर नवी मोटार बसवली होती, कर्ज डोक्यावर होते. लाईट आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत मी कांद्याची दारे धरायचो. पहाटे येऊन घटकाभर पडायचो आणि पोरगा उठायच्या आत धारेला जायचो. तो चालायला कधी लागला, हे मला त्याच्या आईने सांगितले. पोरासाठीच राबतो आहे, ही माझी समजूत. ती खोटी नव्हती, पण बॅटरी उशाशी असते हे त्याने पाहिले, हे मला कधी कळले नाही.

सकाळी निघताना मी एवढेच म्हणालो, "माझं चुकलं रे थोडं."

तो हसला. "तुमची दारं होती तात्या, माझी ड्युटी आहे."

आता दर रविवारी तो नातीला घेऊन मळ्यात येतो. ती चिखलात खेळते, तो बांधावर बसून बघतो आणि मी दोघांना बघतो.

आपल्यातल्या तरुण बापांना एक सांगतो. रात्रीचे पाणी कोणाला चुकणार नाही. पण दिवसाची पाळी असेल त्या आठवड्यात पोराला बरोबर घ्या, पाटात कागदाची होडी सोडू द्या. वाफा जरा उशिरा भरला तरी चालेल.